किल्ली ज्याच्याकडं, त्याला विचारलं का?

आषाढी एकादशीच्या सकाळी दैवशालानं तुळशीपुढं पाण्याचा तांब्या ठेवला, हळद-कुंकू वाहिलं आणि चातुर्मासाचा नेम धरला. चार महिने कुणाची निंदा करायची नाही. दुसरं कुणी करत असेल, तर तिथं थांबायचं नाही. तिच्या सासूबाई तुळजाबाई, त्यांना ती आत्याबाई म्हणायची, ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी हात थांबवला.

"बाई गं, त्यापरीस मीठ सोडायचं व्हतंस. सोपं गेलं असतं."

दैवशाला नुसती हसली. तिचं हसणंही तिच्या बोलण्यासारखंच, जेमतेम ऐकू येणारं. पण आत्याबाईंचं बोलणं किती खरं होतं, हे तिला श्रावण लागेपर्यंत कळलं नाही.

मंठ्याच्या रस्त्याला चिंचजाई म्हणून गाव आहे. तिथल्या हायस्कूलात ती मराठी शिकवायची. शाळेचं एक छोटं वर्तमानपत्र होतं, त्याचं नाव 'दवंडी'. महिन्याला चार पानं निघायची. एक प्रत फळ्यावर चिकटवायची, उरलेल्या वर्गावर्गांत फिरायच्या आणि मुख्य बातमी शनिवारी परिपाठात माइकवरून वाचायची, असा रिवाज. आधीचे सर निवृत्त झाले, तेव्हा जूनमध्ये मुख्याध्यापक राधाकिसन सरांनी 'दवंडी' तिच्या गळ्यात घातली.

"मॅडम, तुम्ही शांत आहात. तुमच्या हातून कुणाचं मन दुखायचं नाही," सर म्हणाले होते.

बातमी कशी लिहितात, पान कसं लावतात, तिला काही ठाऊक नव्हतं. बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं मागचे अंक काढून पाहिले. वृक्षारोपण, गुणवंतांचं अभिनंदन, पाहुण्यांच्या नावांची माळ, सुविचार. वाचून झालं की काय वाचलं ते आठवू नये, असं सगळं.

देवानं दार उघडलं ते जालन्यात. शाळेचे अंक काढणाऱ्या शिक्षकांचं एक मंडळ तिथं भरतं, असं तिला कळलं. महिन्यातल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर ती बस धरून गेली. वाचनालयाच्या मागच्या खोलीत जिल्ह्यातले पंधरावीस शिक्षक सतरंजीवर बसलेले. मधे एक म्हाताऱ्या बाई, केस कापसासारखे, डोळ्यांवर जाड चष्मा. त्या गिरिजाबाई. सारी उमर एका दैनिकात बातम्या तपासण्यात गेलेली. निवृत्तीनंतर हे मंडळ त्यांनी काढलं, कारण, त्या म्हणाल्या, "पोरांच्या हाती पेपर देतात आन् मास्तराच्या हाती काहीच देत न्हाईत."

दैवशाला त्या दिवशी रिकाम्या हातानं परतली नाही. पिशवीत नमुन्याची पानं होती, मुलांना मुलाखत कशी घ्यायची ते शिकवणारी पुस्तिका होती, दुसऱ्या शाळांचे अंक होते. मोबाइलमध्ये एक ग्रुप होता, त्याचं नाव 'अंक कधी निघणार?' आणि गिरिजाबाईंचा नंबर होता. "पाच वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत मी फोनपाशीच असते. लाजायचं न्हाई. अडाणी प्रश्न विचारणाऱ्यांचेच अंक चांगले निघतात," असं त्यांनी बजावलं होतं.

पहिल्या अंकाला त्याचा फायदा झाला. दुसऱ्या अंकाच्या वेळी प्रांजली आली.

प्रांजली दहावीतली. तिचं घर धनगरवाडीवर, वडलांची मेंढरं. पोरगी बोलायला धारदार आणि अक्षर मोत्यासारखं. तिनं बातमी पुढं ठेवली. शाळेच्या प्रयोगशाळेला दोन वर्षांपासून कुलूप आहे. आत सप्ताह समितीची भांडी ठेवली आहेत. देवळाच्या सभामंडपाचं बांधकाम निघालं, भांड्यांची जुनी खोली पडली आणि सप्ताहात गावजेवणाला लागणाऱ्या काहिल्या, पराती, झारे, सतरंज्या हे सगळं शाळेत आलं. ते आलं तसं बसलं. यंदाच्या दहावीनं प्रयोगशाळेत अजून पाऊल ठेवलेलं नाही आणि प्रात्यक्षिक परीक्षा तर द्यायची आहे.

सोबत सुमित होता. तो 'दवंडी'त विनोदाचा कोपरा लिहायचा. तो म्हणाला, "मॅडम, तशी अडचण काई न्हाई. सर सगळे प्रयोग फळ्यावर काढून दाखवतेत. फळ्यावरचा प्रयोग कधी फसत न्हाई."

"तू गप रे," प्रांजली म्हणाली. "मॅडम, मी खिडकीतून बघितलं. सूक्ष्मदर्शक काचेच्या कपाटात हाय आन् कपाटाला टेकून काहिल उभी हाय. मला परीक्षेला त्याची आकृती काढता येती. वस्तू हातात दिली तर डोळा कुठून लावायचा ते ठावं न्हाई."

दैवशालानं बातमी वाचली. चांगली होती. पण सप्ताह समितीचे अध्यक्ष म्हणजे रखमाजी. तिचे सासरे. त्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेच्या करदोड्याला असायची. ती रोज पाहायची.

राधाकिसन सरांनी कच्चं पान बघितलं आणि दार लोटून घेतलं.

"मॅडम, देवाच्या भांड्यांवर बातमी? गाव काय म्हणेल? आणि अध्यक्ष तुमचेच मामंजी. ही काढा. नाहीतर 'दवंडी' बंद करू या. तुमचंही काम हलकं होईल."

ती पान घेऊन निघाली. घरी जाऊन देवापुढं बसली. आपला नेम निंदा न करण्याचा. ही तर सासऱ्यांचीच निंदा, तीही छापून. मनाला असं समजावून तिनं बातमी काढली आणि त्या जागी पावसावरची एक कविता घातली.

दुसऱ्या दिवशी प्रांजलीनं कविता पाहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं विचारलं, "मॅडम, त्यात काई खोटं व्हतं का?"

"न्हाई गं."

"मंग?"

दैवशाला कवितेचं पान सारखं करत राहिली. प्रांजलीनं 'बातमीदार' लिहिलेलं गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "मंग ही कविता वाचायला दुसरं कुणीबी चालंल," म्हणाली आणि गेली. सुमितनं कार्डाकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं आणि त्या दिवशी त्यानं एकही विनोद केला नाही.

पाच वाजले. दैवशालानं फोन लावला आणि गिरिजाबाईंना सगळं सांगितलं. बातमी, सर, नेम, सासरे. पलीकडून आधी खोकला आला आणि मग प्रश्न.

"किल्ली ज्याच्याकडं, त्याला विचारलं का?"

"म्हणजे?"

"अहो ताई, पोरीनं मुलांना विचारलं, विज्ञानाच्या सरांना विचारलं, शिपायाला विचारलं. मी ऐकून राह्यले. रखमाजींना कुणी विचारलं?"

कुणीच विचारलं नव्हतं. मुलांच्या ध्यानात आलं नाही, कारण रखमाजींना गावात कुणी 'का' म्हणून विचारत नसे. आणि तिच्या ध्यानात आलं नाही, कारण लग्न होऊन आल्यापासून तिनं मामांना समोरासमोर एक प्रश्न विचारला नव्हता. जेवायला वाढू का, हेसुद्धा आत्याबाईंच्या तोंडून. डोक्यावरचा पदर जसा सवयीनं जाणवत नाही, तसं ते न विचारणं तिला जाणवतच नव्हतं.

"आता तुमच्या नेमाचं सांगते," गिरिजाबाई म्हणाल्या. "मीबी एकादशी करते, मला नेम कळतो. मागं बोलतो ती निंदा. समोर जातो, विचारतो, त्याचं सगळं ऐकून घेतो आन् मंग चौघांत सांगतो, ती बातमी. तुमच्या पोरीची बातमी खोटी न्हाई, अर्धी हाय. पुरी करा. मुख्याध्यापकांनाबी विचारा. ज्याचं नाव, त्याचं म्हणणं. येवढं केलं की तुम्हाला कुणी हात लावू शकणार न्हाई."

ग्रुपवरही तिनं धीर करून दोन ओळी लिहिल्या. मंठ्याचे साहेबराव सर जुने खेळाडू, त्यांनी लगेच उत्तर धाडलं: 'माझ्या पहिल्या बातमीनं आमचे सरपंच महिनाभर बोलले नाहीत. तो महिना फार शांततेत गेला. घाबरू नका. पान लावायला अडलं तर माझ्याकडं पाठवा, रात्रीतून लावून देतो.'

सकाळी ती स्वतः धनगरवाडीवर गेली. प्रांजली मेंढरांच्या वाड्याशी कोकराला दूध पाजत होती. दैवशालानं कार्ड तिच्या पुढ्यात धरलं.

"चूक माझी झाली. पण बातमीबी अर्धी व्हती. रखमाजी आजोबांना विचारायला येतीस?"

प्रांजलीचा हात थांबला. "तुमच्या घरी?"

"माझ्या घरी."

रविवारी रखमाजी आंघोळ, पूजा उरकून कपाळाला गंध लावून ओसरीवर बाजेवर बसले होते. प्रांजली आणि सुमित अंगणात येऊन उभे राहिले. दैवशाला स्वयंपाकघराच्या दारात, पदर सावरून.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "पोरांना मामांना काई विचारायचंय."

तुळजाबाईंनी तीन हातांवर बसलेल्या नवऱ्याला हाक मारली. "आवं, ऐकलं का? पोरांना विचारायचंय."

"ऐकलं की! मी काय बहिरा हाय? विचारा."

प्रांजलीनं वही उघडली. पुस्तिकेत लिहिलं होतं, पहिला प्रश्न साधा ठेवा.

"आजोबा, शाळेतल्या भांड्याच्या खोलीची किल्ली तुमच्याकडं हाय?"

"हाय." त्यांनी करदोड्याला हात लावला.

"ती खोली कशाची हाय, तुम्हाला ठावं हाय का?"

"कशाची म्हंजे? रिकामी व्हती. हेडमास्तर म्हणले, एक खोली पडून हाय, घ्या. अडगळ व्हती, कपाटं व्हती. आम्ही भांडी ठिवली."

"ती प्रयोगशाळा हाय आजोबा. त्या कपाटात आमचा सूक्ष्मदर्शक हाय."

रखमाजींनी बाजेवरून पाय खाली सोडले. "काय हाय?"

"बारीक वस्तू मोठी दिसती त्याच्यातून," सुमित म्हणाला. "आसं आईकलंय. बघितलं न्हाई. मधी काहिल हाय."

कुणी हसलं नाही. रखमाजींचा चेहरा लाल होत गेला.

"दोन वर्सं! दोन वर्सं लेकरांची खोली आडवून बसलो मी? आन् माझ्या घरात मास्तरीण आसून मला कुणी सांगितलं न्हाई?" त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली. दैवशाला चहाच्या कपबशा घेऊन तिथंच उभी होती.

तुळजाबाईंनी वाती बाजूला सारल्या. "सांगंल कशी? या घरात तुम्हाला कुणी काई सांगितलेलं तुम्हाला चाललंय का कधी? मलाबी तुमच्याशी बोलायचं तर आधी खाकरावं लागतंय."

रखमाजी उठून उभे राहिले. "लिवून घे पोरी. मी म्हणतो तसं लिव, काना-मात्रा बदलायची न्हाई." प्रांजलीनं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

"आन् मंग तुम्ही पुढं काय करणार, आजोबा?" प्रांजलीनं विचारलं.

"ते आत्ता सांगत न्हाई. आधी छापा. माझं नाव घालून छापा. नाव न्हाई छापलं, तर माझ्यासारखा वाईट न्हाई."

ते चहा न पिताच शेतात गेले. परत आले ते मुकाट. मुकाट जेवले. करदोड्याची किल्ली सोडून देव्हाऱ्यात ठेवली. सकाळी दिवा लावताना दैवशालाला ती दिसली. मामांनी अध्यक्षपण सोडलं की काय? आपल्यामुळं? तिनं देवाला हात जोडले. मागितलं काहीच नाही. मागावं काय, तेच कळेना.

शाळेत राधाकिसन सरांनी पान पुन्हा पाहिलं.

"रखमाजींना विचारलं? तुम्ही?"

"पोरांनी विचारलं, सर. मी चहा केला."

सर खुर्चीत मागं रेलले. रखमाजींचं म्हणणं त्यांनी दोनदा वाचलं. खोली पडून आहे, हे आपणच भिडेखातर बोललो होतो, ते त्यांना आठवलं असणार.

"सर, तुमचं म्हणणं तुमच्याच शब्दांत घालायचंय," दैवशाला म्हणाली. आवाज नेहमीसारखाच हळू, पण ती दारातून हलली नाही. "ज्याचं नाव, त्याचं म्हणणं. तुमचं घेतल्याशिवाय बातमी पुरी होत न्हाई. आणि पुरी झाल्याशिवाय मी ती छापणार न्हाई. पण पुरी झाल्यावर काढणारही न्हाई."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर प्रांजली वही धरून उभी होती.

"ये आत," ते म्हणाले. "लिही. खोलीची गरज शाळेला आहे, हे समितीला सांगायला माझ्याकडून उशीर झाला."

"सर, किती उशीर ते लिवायचं का?" मागून सुमितनं आत मुंडी घातली.

"तू वर्गात जा!" सर ओरडले. पण ओरडताना त्यांना हसू फुटलं, ते लपलं नाही.

पान लावून द्यायला साहेबराव सर होतेच. शेवटची नजर गिरिजाबाईंनी फिरवली. त्यांनी एका ठिकाणी 'कुणाची तरी बेफिकिरी' हे शब्द खोडले आणि बाजूला लिहिलं, 'हे कुणी बोललं का? नाही ना? मग काढा.' बाकी सगळं तसंच ठेवलं.

शनिवारी परिपाठ भरला. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, आणि प्रांजली माइकपुढं आली. गळ्यात कार्ड. दैवशाला ओळीच्या टोकाला उभी, हात पदरात गुंडाळलेले. प्रांजलीनं वाचायला सुरुवात केली. प्रयोगशाळा, कुलूप, दहावीची मुलं, विज्ञानाचे सर, मुख्याध्यापकांचं म्हणणं. ते ऐकताना मुलांनी सरांकडं चोरून पाहिलं. सर ताठ उभे राहिले.

तेवढ्यात फाटकापाशी ट्रॅक्टर घरघरला आणि टाळांचा खणखणाट झाला.

सगळी शाळा वळून बघायला लागली. पुढं रखमाजी, डोक्याला नवा पटका. मागं सगळं भजनी मंडळ, गळ्यात टाळ, एकाच्या खांद्याला पखवाज. त्यांच्या मागं ट्रॅक्टर. राधाकिसन सरांचा चेहरा उतरला.

रखमाजी थेट माइकपाशी आले. "माझं म्हणणं वाचलं का?"

"आता तेच येतंय, आजोबा."

"मंग वाच. थांबतो मी."

त्यांनी हात जोडले आणि ओळीत उभं राहावं तसे उभे राहिले. प्रांजलीनं वाचलं:

"सप्ताह समितीचे अध्यक्ष रखमाजी म्हणाले, 'देव लेकरांची वाट आडवत न्हाई, ती आम्ही आडवली. मला आजवर कुणी विचारलं न्हाई. ज्या दिशी विचारलं आसतं, त्या दिशी भांडी उचलली आसती. या पोरीनं विचारलं.'"

रखमाजींनी खिशातून किल्ली काढली. तिला हळद-कुंकू लागलेलं होतं. देव्हाऱ्यात ठेवली होती ती पूजेसाठी, हे तेव्हा दैवशालाच्या ध्यानात आलं आणि तिचे डोळे भरले.

"मंडळी," रखमाजी म्हणाले, "कापूस यायला अवकाश हाय, माझी कोठी मोकळी हाय. भांडी तिकडं न्यायची. पण देवाची भांडी हायेत, चोरासारखी न्यायची न्हाईत. वाजवत न्यायची."

मग काय विचारता! कुलूप उघडलं. पखवाजावर थाप पडली. काहिल्या बाहेर आल्या, पराती आल्या, हंडे आले. पाचवी-सहावीच्या पोरांनी झारे आणि पळ्या खांद्यावर घेतल्या, भाल्यासारख्या. मुलींनी सतरंज्यांच्या गुंडाळ्या धरल्या. सुमितनं मोठं पातेलं डोक्यावर उपडं घातलं. त्याला पुढचं दिसेना, तरी तो चालत राहिला आणि आतून घुमणाऱ्या आवाजात हरिनाम म्हणत राहिला. राधाकिसन सरांनी बाह्या सरसावल्या आणि काहिलीच्या कडीला हात घातला. दुसऱ्या कडीला रखमाजी होते. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि काहिल उचलली ती एका दमात. मिरवणूक शाळेतून निघाली, चौकातून गेली. चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली, बायका दारांत आल्या, आणि तुळजाबाईंनी कोठीच्या उंबऱ्यावर प्रत्येक भांड्यावर पाणी ओवाळून टाकलं.

खोली झाडली, पुसली. खिडक्या उघडल्या. विज्ञानाच्या सरांनी सूक्ष्मदर्शक टेबलावर ठेवला आणि फडक्यानं असा पुसला जसा कुणी देव पुसतं. कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला. पहिला मान प्रांजलीचा. तिनं डोळा लावला. बराच वेळ तिला काही दिसेना, मग ती एकदम किंचाळली, "दिसलं! मॅडम, दिसलं!" आणि मागं रांग लागली.

दैवशालानं मोबाइल काढून ग्रुपवर फक्त एवढंच लिहिलं: अंक निघाला. गिरिजाबाईंचं उत्तर आलं: 'आणि खोली?' तिनं उघड्या दाराचा फोटो पाठवला. त्यानंतर ग्रुपवर जे काही आलं ते वाचायला तिला संध्याकाळ लागली.

रखमाजी दारात उभे होते, चपला बाहेर काढून.

"आजोबा, या ना. तुम्हीबी बघा," प्रांजली म्हणाली.

"मला काय कळतंय त्यातलं."

पण आले. पटका काढला, वाकले, एक डोळा मिटला. मिटायचा तो डोळा उघडा राहिला, उघडायचा तो मिटला. मुलं खुदखुदली. मग ते स्तब्ध झाले. दैवशाला त्यांच्या मागंच उभी होती. आत्याबाई घरी होत्या. मधे कुणीच नव्हतं. तिच्या ओठांवर शब्द आला, तो तिनं अडवला नाही.

"मामा, काय दिसलं?"

रखमाजींनी मान वर केली नाही. पण त्यांनी ऐकलं होतं, कारण ते हसत होते.

"विटा रचल्यात गं," ते म्हणाले. "ओळीनं, बराबर. कांद्याच्या पोटात येवढं बांधकाम! आन् आपल्याला सभामंडप उरकंना." मग त्यांनी मान वळवून सुनेकडं थेट पाहिलं.

"सूनबाई, हे बी छापा."